शिंप्यांवरचं संशोधन

आमच्या विठ्ठल मंदिरातल्या भजनी मंडळींत आणि आमच्या रस्त्यावर एक गोष्ट पक्की होऊन बसली आहे, की माझं भजन ऐकून समुद्रातले जीव घाबरेघुबरे होतात. हे खरं नाही. मी ते इतके दिवस खरं राहू दिलं, कारण त्याच्या आड लपणं मला सोयीचं होतं. आता दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढून झाले आहेत, लिहिलेलं नीट दिसतं, तेव्हा काय घडलं ते लिहून टाकतो.

आम्ही धंद्यानं शिंपी. म्हैसूरला कधी आलो हे सांगणारं माणूस आता आमच्यात कुणी उरलेलं नाही. घरात मराठी बोलतो, निदान आम्ही तिला मराठी समजतो. पुण्याहून बदली होऊन आलेले एक गृहस्थ पॅन्टची उंची कमी करायला आले होते, ते म्हणाले, तुमची मराठी फार गोड आहे, मधूनमधून कळतेसुद्धा. माझ्या नातीची मराठी तर त्याहून थोडी. स्वयंपाक, भांडण आणि देव एवढ्यापुरती तिला येते, बाकी कन्नड आणि इंग्रजी. मला ती अज्जा म्हणते. जयलक्ष्मीपुरमातल्या आमच्या घरातून विद्यापीठ चालत जाण्याइतकं जवळ, म्हणून पीएचडीसाठी ती घरातूनच जात-येत होती.

विषय ठरला त्या दिवशी ती माझ्यासमोर येऊन बसली. अज्जाला कळावं म्हणून तिनं फोनवरून अवघड अवघड मराठी शब्द शोधून पाठ केले होते.

"अज्जा, मी शिंप्यांवर संशोधन करणार," ती म्हणाली. "औषधामुळं शिंप्यांच्या जनुकांवर काय परिणाम होतो ते बघणार."

मला भरून आलं. जन्मभर लोकांची मापं घेतली, पण शिंप्याचं माप घ्यावं असं कुणाला वाटलं नव्हतं. जनुक म्हणजे काय, विचारलं. आईबापांकडून पोरांकडं येतं ते, असं तिनं सांगितलं. मी म्हटलं, अगदी बरोबर, माझी पाठ माझ्या वडिलांकडूनच आली आहे. औषधाचंही पटलं. मशीनवर बसून बसून आमच्यातला प्रत्येक जण कसली ना कसली गोळी खातोच. मी विचारलं, किती शिंपी लागतील?

"शंभर तरी."

"एवढे आता म्हैसुरात जिवंत नाहीत ग."

"इथले नकोत. मंगळूरहून आणणार. गार डब्यात घालून, रात्रीच्या बसनं."

मी तोंडातलं पान एका गालात सरकवलं. आणून काय करणार, विचारलं.

"औषधात ठेवायचं. मग त्यांचे कल्ले कापायचे."

"कल्ले सलूनवाला कापतो," मी म्हटलं. "त्यात संशोधन कसलं?"

तेव्हा स्वयंपाकघरातून सून, म्हणजे तिची आई, पदर तोंडाला लावून बाहेर आली. तिचं माहेर बेळगावकडचं, तिला दोन्ही भाषांतली गंमत कळते. तिनं सांगितलं की मामंजी, शिंपी म्हणजे शिंपला, समुद्रातला, आणि कल्ले म्हणजे माशांना श्वास घ्यायला असतात ते. कोकणात ज्याला तिसऱ्या म्हणतात आणि मंगळूरकडं मरुवाई, तो प्राणी. मी हसलो, पण मला जरा उतरल्यासारखं झालं. शिवाय एक घोळ आधीच होऊन बसला होता. आदल्या दिवशी नात आईशी शिंप्यांबद्दल बोलताना मी ओझरतं ऐकलं होतं, तेवढ्यावरच एकादशीच्या भजनाला देवळात सांगून मोकळा झालो होतो, आणि कॉलर बसवण्यात आयुष्य घालवलेल्या एका जुन्या मित्रानं आपली मान तपासायला द्यायची तयारी दाखवली होती. त्याला मंगळूरचे शिंपी निवडले एवढंच सांगितलं. तो अजून रागावलेला आहे.

विषय मला समजला तो असा. आमच्या म्हैसूरजवळ के. आर. नगरकडं भातावर औषध मारतात. औषध म्हणायचं, पण ते कीड मारायचं विष. पावसानं ते कालव्यात उतरतं, कालव्यातून नदीत, नदीतून समुद्रात. तिथं शिंप्या एका जागी बसून दिवसभर पाणी गाळत असतात. पाण्यातून जे येईल ते त्यांच्या अंगात. मी म्हटलं, कावेरी तर पूर्वेला जाते आणि तुझ्या शिंप्या पश्चिमेच्या. ती म्हणाली, तिकडंही भात पिकतो, अज्जा, आणि तिकडंही कीड पडते.

जनुकांचं तिनं माझ्या भाषेत सांगितलं. दुकानात कसे कागदी नमुने टांगलेले असतात, कोटाचा, झब्ब्याचा, पोलक्याचा, तसे प्रत्येक जिवाच्या आत असतात. सगळे रोज कामाला लागत नाहीत. पुष्कळसे झोपलेले. विष आलं की विष बाहेर फेकायचा नमुना जागा होतो आणि शरीर भराभर तो माल काढायला लागतं. नमुना किती जागा झाला हे कल्ल्यांवरून मोजता येतं. म्हणून काही शिंप्यांना विषाच्या पाण्यात ठेवायचं आणि काहींना साध्या. साध्यांची जनुकं झोपलेली राहायला हवीत, औषधवाल्यांची जागी व्हायला हवीत. दोन्हींतला फरक म्हणजे तिचं संशोधन.

तर या साध्या शिंप्या माझ्या घरी आल्या. प्रयोगशाळेत औषधाच्या बाटल्या, औषधाचे हात, साध्यांना चुकून लागायला नको, म्हणून तिच्या सरांनी सांगितलं की त्यांना दुसऱ्या कुठल्यातरी स्वच्छ जागी ठेव. माझी मागची खोली थंड. मशीन तिथंच, पण मी आता पडद्याच्या पट्ट्या दुमडण्यापलीकडं काही शिवत नव्हतो. तिथं काचेची टाकी आली, खारं पाणी आलं, हवा सोडणारा छोटा पंप आला. तो रात्रंदिवस बुडबुड करायचा आणि शिंप्या आपली जीभ काढून आरामात पडलेल्या असायच्या. त्यांच्यासमोर बसून मी सकाळी भजन म्हणायचो. इतका शांत श्रोता मला देवळात कधी मिळाला नव्हता.

माझ्यावर काम एकच होतं. पाणी उडून जातं आणि उरलेलं जास्त खारट होतं, म्हणून रोज कॅनमधलं गोडं पाणी घालून पातळी सारखी ठेवायची. नातीनं काचेला बाहेरून चिकटपट्टी लावून दिली होती, एवढ्यापर्यंत भर म्हणाली. ती पट्टी बोटभर रुंद. मी विचारलं, वरच्या कडेपर्यंत की खालच्या? ती म्हणाली, साधारण. सुम्ने साधारण, अज्जा, म्हणजे आपलं उगीच अंदाजानं.

साधारण हा शब्द शिंप्याला सांगू नये. शिवाय काचेवर मिठाचा थर आणि माझ्या डोळ्यांवर मोतीबिंदू, मला ती पट्टीच नीट दिसेना. तेव्हा मी माझी युक्ती केली. कापड आखायची माझी जुनी लाकडी पट्टी घेतली, तिच्यावर खडू फिरवून ती पांढरी केली, आणि टाकीत तळापर्यंत उभी बुडवली. बाहेर काढली की भिजलेलं कुठवर आलं ते खडूवर लख्ख दिसायचं. रोज खडू, रोज पट्टी, रोज पाणी, सुताइतकंही इकडंतिकडं नाही. मी नातीला हे सांगितलं नाही. तिला अचानक कळावं आणि तिनं कौतुक करावं असा बेत होता.

काम झालं, शिंप्या परत प्रयोगशाळेत गेल्या, त्यांचे कल्ले कापले गेले. मला दोन दिवस करमेना. मग एका दुपारी सून साखरेच्या डब्याशी कुरकुरत होती. मुंग्या झाल्यात आणि मुंग्यांचा खडू सापडत नाही, म्हणाली. मग तिलाच आठवलं, शेजारच्या लहान पोरीच्या हाताला लागू नये म्हणून तिनं तो माझ्या मशीनच्या खणात ठेवला होता. वेष्टन काढून.

गडद कापडावर आखायला मी शाळेतला पांढरा खडू वापरतो. शिंप्याचा चपटा खडू आता सांध्यांमुळं बोटांत धरवत नाही. तो शाळेतला खडूही त्याच खणात असतो. मी जाऊन खण उघडला. दोन खडू होते, एक जवळजवळ नवा, एक अंगठ्याएवढा उरलेला.

मी माझ्या आयुष्यातला पहिला प्रयोग केला. ओट्यावर एका मुंगीभोवती नव्या खडूनं गोल काढला. ती सरळ चालत बाहेर आली. मग तिच्याभोवती झिजलेल्या तुकड्यानं गोल काढला. ती कडेपर्यंत आली, मिशा हलवल्या, मागं फिरली, दुसऱ्या कडेला गेली, पुन्हा फिरली. थोड्या वेळानं आडवी झाली. सून मागं उभी होती, मामंजी काय चाललंय, विचारत होती. मी म्हटलं, मुंग्या बघतोय.

"बघून जाणार असतील तर बघा," ती म्हणाली.

मला त्याच क्षणी नातीला फोन करायला हवा होता. केला नाही. गिऱ्हाईक माझ्याकडं यायचं ते मापासाठी. माझ्या हातचा कोट कधी परत आला नाही. एक आला होता, पण मधल्या काळात त्या नवऱ्यामुलाचंच पोट वाढलं होतं. अशा माणसानं नातीला काय सांगायचं, की साध्या शिंप्यांना मी रोज नेमानं मुंग्यांचं विष पाजलं? मी स्वतःची समजूत घातली की एवढ्याशा खडूनं काय होतंय, शिंपी म्हणजे काही मुंगी नाही. तो तुकडा परत खणात टाकला आणि सुनेला नवा खडू आणून दिला.

निकाल आला तेव्हा नात जेवायला बसली आणि भात कालवत राहिली. साध्या शिंप्यांची जनुकं औषधवाल्यांइतकीच जागी होती, काहींची जास्तच. फरक काहीच नाही. तिच्या आईनं विचारलं, म्हणजे काय? ती म्हणाली, म्हणजे आपल्या घरात त्यांना कसला तरी त्रास झाला. मी ताकाची वाटी तोंडाला लावली आणि बराच वेळ खाली ठेवली नाही.

दोन-तीन दिवसांनी तिचे सर घरी आले. भला माणूस, उंच, बोलणं सगळं कन्नडमध्ये आणि हळू. त्यांनी टाकी होती ती खोली पाहिली, पंप पाहिला, मशीन पाहिलं, आणि विचारलं की इथं रोज काय काय होत होतं. सून पटकन म्हणाली, मामंजींचं भजन होतं. सरांचे डोळे एकदम चमकले. आवाजाचा, कंपनांचा पाण्यातल्या जिवांवर परिणाम होतो असं त्यांच्या मनात आधीपासून कुठंतरी होतं. त्यांनी फोनमध्ये आवाज मोजायचं काहीतरी सुरू केलं, तो टाकीच्या जागी ठेवला आणि मला रोज म्हणतो तसं म्हणायला सांगितलं. मी म्हटलं. ते म्हणाले, स्वल्प जोरागि, म्हणजे आणखी जोरानं. मी आणखी जोरानं म्हटलं. शेजारणीनं खिडकी लावून घेतली. सरांनी फोनचा आकडा पाहिला आणि नातीकडं पाहून मान हलवली.

मी तिथंच सांगू शकलो असतो. पण सुटकेची वाट समोर उघडी होती, आणि मी गात गात तिच्यातून निघून गेलो. दुसऱ्या दिवशी रस्त्यावर सगळ्यांना कळलं. एकादशीला देवळात माझी पाळी आली तेव्हा तो मान देऊ केलेला मित्र मोठ्यानं म्हणाला, "याला मागं बसवा रे, मंगळूरच्या शिंप्यांनी तक्रार केलीय." सगळे हसले. मीही हसलो. घरात मी भजन बंद केलं. त्याचं सगळ्यांना वाईट वाटलं, सुनेला जरा कमी. लोकांची ती सहानुभूती मी कित्येक आठवडे बसून खाल्ली.

खरा घोळ पुढं झाला. सरांच्या सांगण्यावरून नातीनं माझं भजन फोनमध्ये भरून घेतलं, मंगळूरहून नव्या शिंप्या आणल्या आणि साध्या पाण्यात ठेवून त्यांना रोज ते ऐकवलं. औषधाचं काम तेवढं बाजूला पडलं. आणि या शिंप्यांची जनुकं ढाराढूर झोपलेली. पुन्हा केलं, पुन्हा झोपलेली. एकदा जाग्या, एकदा झोपलेल्या, त्याच जातीच्या, तशाच पाण्यात. सर तिला रागावले नाहीत, पण त्यांनी विचारलं की मोजताना तुझाच हात तर चुकत नाही ना.

त्या दुपारी ती लवकर घरी आली. व्हरांड्यात माझ्या शेजारी बसली, चपला न काढता. बेंगळूरला एका मैत्रिणीच्या ऑफिसात जागा आहे, कॉम्प्युटरवरचं काम, तिथं जाते म्हणाली. मी विचारलं, आणि शिंप्या?

"मला जमत नाही, अज्जा. पहिला निकाल मीच चुकीचा काढला असणार. माझा हात चांगला नाही." मग म्हणाली, "तुमचं भजनसुद्धा त्यांना काही करत नाही."

पहिल्या वाक्यासाठी मला बोलावंच लागलं. हात चांगला नाही, हे शिंप्याच्या घरात ज्याला म्हणतात त्याचं काम संपतं. ते वाक्य तिनं स्वतःबद्दल म्हटलं होतं आणि ते माझं होतं.

"तुझा हात चांगला आहे," मी म्हटलं. "पाण्यात खडू होता."

"कसला खडू?"

"मुंग्यांचा."

मी उठून पट्टी आणली, खणातला तो तुकडा कागदात धरून आणला, आणि कसं माप घ्यायचो ते व्हरांड्यातल्या बादलीवर करून दाखवलं, कोरडंच. ती बघत राहिली. हसेल असं मला वाटलं होतं, नाहीतर ओरडेल. तिनं आत जाऊन मी सुनेला आणून दिलेल्या नव्या खडूचं वेष्टन आणलं आणि त्यावरचं बारीक अक्षरातलं नाव वाचलं.

"हेच," ती म्हणाली. "अज्जा, हेच औषध मी लॅबमध्ये घालते. साध्यांना तुम्ही हेच दिलंत."

"तुला सांगायला हवं होतं."

"कधीपासून माहीत होतं?"

मी सांगितलं. तिनं वेष्टनाची घडी घातली, परत उलगडली. मग म्हणाली की सर त्या फोनमधल्या भजनावर रात्र रात्र बसलेत. आणि तुम्ही ते नुसतं बघत राहिलात. एवढंच बोलली. त्या संध्याकाळी ती माझ्याशी बोलली नाही, दुसऱ्या दिवशीही नाही.

तिसऱ्या दिवशी म्हणाली, चला. सरांनी बोलावलंय. मला वाटलं, आता माझे कल्ले कापतात. सर भेटले तेव्हा त्यांच्या टेबलावर एक छोटा स्पीकर होता, तो त्यांनी हळूच खणात सरकवला आणि परवागिल्ला म्हणाले, म्हणजे हरकत नाही. त्यांच्या चेहऱ्यावरून हरकत होती हे दिसत होतं. त्यांना त्या आवाजाच्या कल्पनेचा फार लळा लागला होता. मी त्यांची क्षमा मागितली. ते माझ्या वयाकडं बघून अवघडले आणि त्यांनी मला कॉफी मागवली.

त्यांना माझ्याकडून एक गोष्ट हवी होती. त्या शिंप्यांना रोज किती खडू गेला ते कळलं असतं, तर त्यांना साध्या न म्हणता औषधवाल्या म्हणता आलं असतं, आणि एवढ्या औषधानं एवढा परिणाम असं ते काम वाया गेलं नसतं. मी म्हटलं, त्यात काय, माझा हात जन्मभर एकच फिरतो. मला पांढरा कोट घालायला दिला. त्याच्या बाह्या खांद्यावर चुकीच्या बसवल्या होत्या, ते मी सांगितलं, पण कुणी मनावर घेतलं नाही. रबरी हातमोजे घातले. काचेच्या पेटीत एक तराजू होता, इतका नाजूक की माझ्या श्वासानं आकडा हलायचा, म्हणून श्वास रोखून उभं राहायचं. मी पट्टीवर खडू फिरवायचा, नात खडूचं आधीचं आणि नंतरचं वजन करायची.

पहिल्यांदा एक आकडा आला. दुसऱ्यांदा त्याच्या दुप्पट. तिसऱ्यांदा दोन्हींच्या मधला. मी म्हटलं, मोज्यांमुळं होतंय, पुन्हा करू. पुन्हा केलं. एकदा तर खडू मोडला. सर खिडकीबाहेर बघायला लागले. जन्मभर मी गिऱ्हाइकांना सांगत आलो की या हाताला तराजू लागत नाही. तराजू लावून बघायची वेळ कुणावर आली नव्हती, म्हणून ते चाललं.

"राहू दे, अज्जा," नात म्हणाली. "हा गट फेकून द्यायचा."

सगळं पहिल्यापासून करावं लागलं. बेंगळूरची जागा तिनं नको म्हणून कळवली, पण आमच्या घरी शिंप्या आल्या नाहीत. साध्या शिंप्या या वेळी सरांच्या म्हैसुरातल्याच विजयनगर भागातल्या घरात, वरच्या मजल्यावर राहिल्या. सरांच्या घरी मुंग्या भरपूर होत्या असं कळलं. तेवढे दिवस त्यांनी साखरेचा डबा पाण्याच्या परातीत ठेवला आणि बाकी घर मुंग्यांना मोकळं सोडलं. मी मदतीला यायचं विचारलं होतं. नात म्हणाली, बेडा अज्जा. नको म्हणण्याची तिची ती तऱ्हा इतकी सौम्य होती की मी परत विचारलं नाही.

निकालाच्या दिवशी मी पडद्याची पट्टी दुमडत होतो आणि उगीचच उसवत होतो. दुपारी फोन आला.

"अज्जा, झोपल्यात."

"कोण?"

"साध्या. एकूणएक. आणि औषधवाल्या टक्क जाग्या."

सरांना सांगितलंस का, विचारलं. नाही म्हणाली, आधी तुम्हाला. मी म्हटलं, घाई करू नकोस, सांगायच्या आधी परत एकदा मोजून बघ.



"तुम्ही सांगताय?" ती म्हणाली, आणि मग तिला जे हसू आलं ते आवरेना. हसत हसतच ती सरांना सांगायला गेली. फोन बंद करायचा राहिला होता, त्यामुळं तिच्या चपलांचा आवाज मला बराच लांबपर्यंत ऐकू येत होता.